ठिपक्यांची रेघ

रात्रपाळीच्या वहीमागच्या कोऱ्या पानावर
लिस्त्रा सीबरननं एक चौकोन काढला: रिअ‍ॅक्टर.
पुढे दुसरा, थंड. इथे अमोनिया द्रव होऊन वेगळा पडतो.
आणि उरलेल्या वायूचा बाण
वळवून पुन्हा रिअ‍ॅक्टरच्या तोंडाशी आणला.
"केरन, आता लाव ताळा."

पॉइंट लीसासच्या धक्क्याला जहाज लागलेलं.
काचेवर पारियाच्या आखाताचं मीठ.
मी मांडलं: शंभर मोल आत.
नव्याण्णव कामाचे,
तीन हायड्रोजनमागे एक नायट्रोजन,
आणि एक मोल असा
ज्याला कुणाशीच काही करायचं नाही.

एका फेरीत शंभरातले वीसच जुळतात.
बाकीचे तसेच कोरे बाहेर येतात,
गार होतात, दाबले जातात,
परत रांगेत उभे राहतात.
मी त्यांच्या मागे धावलो:
वीस टक्के, उरलेल्याचे वीस टक्के,
त्याही उरलेल्याचे...
पान भरलं. हाती काही लागेना.

तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली
आणि सगळ्याच चौकोनांभोवती
ठिपक्याठिपक्यांची एक रेघ ओढली.
"रेघ कोण ओलांडतं, तेवढंच मोज.
आत कोण किती वेळा फिरलं
ते घरातलं घरात."

रेघेवर फक्त तीन बाण:
शंभर आत,
पंचेचाळीस अमोनिया बाहेर,
आणि मशालीकडे जाणाऱ्या बारीक नळीतून दहा.
आत गरगरणारे तीनशे नव्वद
बाहेरून दिसतच नव्हते.

"पण शंभर आत आणि पंचावन्नच बाहेर?"
"चार जण मिळून दोन झाले, पोरा.
डोकी मोजू नकोस. वजन कर."
तिचे वडील कूव्हाच्या साखर कारखान्यात काट्यावर होते.
ऊस इतका. साखर इतकी, चिपाड इतकं, मळी इतकी, वाफ इतकी.
बेरीज चुकली तर चोर शोधायचा, म्हणायचे,
आणि तो आधी काट्यात शोधायचा.
कारखाना बंद झाला. काटा गंजला की भंगारात गेला,
तिला ठाऊक नाही.

मंगळवारी डी'अब्रू साहेबांचा फोन:
त्या दहात नऊ मोल चांगला माल जातो,
तुम्ही तो जाळता! नळी बंद करा.
बंद केली.
पहिल्या तासाला अमोनिया खरंच वाढला.
फोनवर साहेब हसले.
मग दाबाचा काटा सरकू लागला,
एकशे ऐंशी, एकशे शहाऐंशी,
आणि अमोनिया उतरू लागला.

विष नव्हतं, गंज नव्हता.
नुसती गर्दी.
तो एकटा मोल, आर्गॉन, मिथेन,
येतच होता आणि जायला वाट नव्हती.
ज्यांना जुळायचं होतं
त्यांना एकमेकांपर्यंत पोचता येईना.

तीन चाळीसला लिस्त्रानं झडप उघडली.
कुणाला विचारलं नाही.
मशाल एवढी भडकली
की खांबांवरचे पेलिकन नारिंगी झाले,
आणि होडीतल्या कोळ्यांनी जाळं ओढणं थांबवून
इकडे पाहिलं.

नंतर मी हिशेब काढला.
चारशे फिरतात, दहा सुटतात:
आर्गॉनचा अणू सुटण्याआधी
सरासरी चाळीस वेळा त्या आगीतून जातो
आणि एकदाही बदलत नाही.
तिला दाखवलं. ती कोको ओतत होती.
"कुणी पहिल्याच फेरीत सुटतं," ती म्हणाली.
"कुणी दोनशेव्या.
सरासरी कुणाच्याच वाट्याला येत नाही."

उजाडता उजाडता तिनं वहीत सही केली.
आत, बाहेर, साठा.
खाली बारीक अक्षरात: ०.३ जुळत नाही.
मीटर मी दोनदा तपासले.
काटा बरोबर होता.
दिवसपाळीची माणसं येईपर्यंत
मी त्या रेघेकडे बघत बसलो,
दोन ठिपक्यांमध्ये
तिनं ठेवलेल्या जागेकडे.